जि.प. शाळेची व्यवस्थापन समिती: सही घरी नको, सभेत करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवी मिळून ४७ पोरं आहेत, शिक्षक दोन. पालकसभेत मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलं. तेव्हापासून मुख्याध्यापक महिन्यातून एकदा रजिस्टर घेऊन घरी येतात आणि मी सही करतो. गावातले लोक म्हणतात, मास्तर वेळेवर येत नाही, तक्रार कर. समितीचं खरं काम काय, आणि मला अधिकार किती?"

भाऊ, अधिकाराचं आधी सांगतो. एकट्या अध्यक्षाला फारसा अधिकार नाही. अधिकार समितीला आहे, आणि समितीचं म्हणणं म्हणजे सभेत झालेला, वहीत लिहिलेला ठराव. तुमच्याकडे सभाच होत नाही, त्यामुळे तुम्ही घरी बसून केलेली सही म्हणजे न झालेल्या चर्चेची साक्ष ठरते. उद्या हिशेब तपासणीत काही निघालं तर त्या पानावर तुमचं नाव असेल आणि त्या दिवशी काय ठरलं होतं हे तुम्हाला सांगता येणार नाही. म्हणून तक्रार करायची की नाही हा विषय थोडा मागे ठेवा. आधी सभा जागेवर आणा. बाकीची बरीच कामं त्यातून आपोआप मार्गी लागतात, शिक्षकांच्या वेळेचा प्रश्नसुद्धा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. दोन शिक्षकांच्या शाळेत मुख्याध्यापकच कारकून असतो, तोच वर्गशिक्षक असतो, त्यामुळे मोठ्या शाळेइतकी कागदपत्रं तिथे अपेक्षित धरू नका. धानपट्ट्यातलं गाव, कापसाचं गाव आणि मेळघाटातलं गाव यांचं वर्षाचं वेळापत्रक वेगळं असतं. खाली जे सांगतो ते तुमच्या कापूस-सोयाबीनच्या भागाला धरून सांगतो.

कायदा २००९ चा आहे, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ मध्ये समितीची कामं दिली आहेत: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं, आणि शाळेला कुठूनही आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं. महाराष्ट्रात समिती १२ ते १६ जणांची असते, मुख्याध्यापक सचिव म्हणून वेगळे. किमान ७५ टक्के सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. तुमची समिती १२ जणांची असेल तर ९ पालक आणि उरलेल्या तीन जागांवर ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि स्थानिक शिक्षणप्रेमी असे एकेक. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा मिळायला हव्यात, म्हणजे तांड्यावरची किंवा पोडावरची (कोलामांच्या वस्तीवरची) वीस पोरं शाळेत असतील तर तिथला एकच माणूस नावापुरता घेऊन भागत नाही. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांतूनच निवडायचे. दर दोन वर्षांनी समिती नव्याने बसते आणि सभा महिन्यातून किमान एक व्हायलाच हवी. मधल्या काळात एखाद्या सदस्याचं पोर पाचवी पास होऊन दुसऱ्या शाळेत गेलं तर तो सदस्य या शाळेचा पालक राहत नाही. ती जागा पालकसभा घेऊन भरा. अशा रिकाम्या जागा वर्षभर तशाच राहतात आणि मग सभेला माणसंच जमत नाहीत.

आता सभेची वेळ. सकाळी अकराची सभा लावली की ती कागदावरच होते, कारण त्या वेळी आया निंदणाला किंवा वेचणीला गेलेल्या असतात. वेचणीची मजुरी किलोवर असते, अर्धा दिवस सोडायचा म्हणजे तेवढे पैसे बुडतात. गावाचा किंवा जवळच्या मोठ्या गावाचा आठवडी बाजाराचा दिवस बघा. त्या दिवशी बहुतेक मजूर वावरात जात नाहीत. बाजारला निघण्याआधी सकाळी लवकर, नाहीतर शाळा सुटताना साडेचार-पाचच्या सुमारास सभा ठेवा. "महिन्यातला दुसरा बाजार" असा दिवस एकदाच ठरवून टाका, म्हणजे दर महिन्याला वेगळी तारीख काढावी लागत नाही. नोटीस चार-पाच दिवस आधी फिरवा आणि तिच्यावर विषय लिहिलेले असू द्या. व्हॉट्सअॅपवर टाकलं तरी नोटीसवही फिरवून सह्या घ्याच, कारण अनेक आयांकडे स्वतःचा फोन नसतो आणि घरातल्या माणसाच्या फोनवर आलेला निरोप त्यांच्यापर्यंत पोचत नाही. महिला सदस्याच्या जागी तिचा नवरा येऊन बसला तर त्याला बसू द्या, पण हजेरीत सही तिचीच हवी आणि तिला यायला सांगायचं काम तुमचं. निम्म्याहून कमी सदस्य हजर असतील तर त्या दिवशी खर्चाचा कुठलाही ठराव घेऊ नका.

इतिवृत्ताची वही, जिला सगळे प्रोसिडिंग म्हणतात, तीच समितीची खरी मालमत्ता. पहिल्या पानावर "या वहीत १ ते २०० पाने आहेत" असं लिहून मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घ्या, पानांना नंबर टाका. त्यामुळे मागाहून पान घुसवता किंवा काढता येत नाही. सभा सुरू झाली की आधी मागचं इतिवृत्त मोठ्याने वाचायचं आणि कायम करायचं. त्यानंतर मागच्या ठरावांचं काय झालं ते विचारायचं. खरं तर सभेतला हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका हाच वगळला जातो. मग नवे विषय. ज्या दिवशी सभा त्याच दिवशी, तिथेच बसून ठराव लिहायचे, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायची आणि मग सह्या. कोऱ्या पानावर किंवा "मजकूर नंतर लिहितो" म्हटलेल्या पानावर सही करू नका. मुख्याध्यापक प्रामाणिक असले तरीही नाही. त्यांची बदली होते, वही शाळेतच राहते.

ठराव कसा असावा तेही सांगतो. "शाळेच्या विविध समस्यांवर सविस्तर चर्चा झाली, सर्वानुमते मंजूर" या वाक्याचा कुणालाच काही उपयोग नाही. त्याऐवजी असं लिहा: "ठराव क्र. ३. शाळेच्या हातपंपाचे पाणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत या महिन्याच्या २० तारखेपर्यंत प्रयोगशाळेत तपासणीस पाठवावे. जबाबदारी मुख्याध्यापक व सदस्य अमुक. अहवाल पुढील सभेत ठेवावा. सूचक अमुक, अनुमोदक अमुक. सर्वानुमते मंजूर." काम काय, कुणी करायचं, कधीपर्यंत आणि त्याचा कागद कुठे येणार, या चार गोष्टी ठरावात असल्या की पुढच्या सभेत नेमकं विचारता येतं. एका सभेत असे तीनच ठराव झाले तरी भरपूर. पंधरा विषय घेऊन सगळे लोंबकळत ठेवण्यात अर्थ नाही.

पैशांकडे वळू. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान येतं. ते पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. तुमच्या ४७ पोरांच्या शाळेला २५,००० चा निकष लागतो. त्यातला किमान १० टक्के, म्हणजे २,५०० रुपये, स्वच्छतेवर खर्चायचे असतात. रक्कम पूर्ण आणि एकदम येईलच असं धरून चालू नका. ती हप्त्यांनी येते, आणि बऱ्याचदा वर्ष संपत आल्यावर येते. मग मार्चमध्ये घाईघाईने खरेदी होते आणि गरज नसलेल्या वस्तू कपाटात येऊन पडतात. हे टाळायचं असेल तर पैसे येण्याआधीच, ऑगस्टच्या सभेत, खर्चाचा क्रम ठरवून ठराव करून ठेवा. तुमच्या शाळेसाठी मांडणी साधारण अशी करता येईल: वीजबिल ६,०००, स्वच्छता आणि संडासाची दुरुस्ती ४,०००, नळ-मोटर-हातपंप ४,०००, शैक्षणिक साहित्य ४,५००, नोंदवह्या आणि खडू-कागद ३,५००, अग्निशामक नळकांड्याचं पुनर्भरण आणि प्रथमोपचार पेटी १,०००, राखीव २,०००. निम्मीच रक्कम आली तर वरून खाली क्रमाने जायचं. वीजबिल मी मुद्दाम वर ठेवलं आहे. बिल थकलं की मीटर जातो, मीटर गेला की मोटर बंद, मोटर बंद म्हणजे संडासात पाणी नाही, आणि मोठ्या मुली दुपारनंतर घरी जायला लागतात.

हा पैसा हल्ली ऑनलाइन प्रणालीतून खर्च होतो. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजुरी द्यायची आणि छापील आदेशावर सह्या करून बँकेला द्यायचा, अशी पद्धत आहे. तुमच्या मोबाइलवर ओटीपी येत असेल तर तो फोनवर विचारला म्हणून सांगून टाकू नका. तो सांगणं म्हणजे सही करणंच. खरेदीला तीन दरपत्रकं, बिल, बिलावर "साहित्य मिळाले, साठा नोंदवही पान क्र. अमुक" अशी नोंद, आणि ज्या ठरावाने खर्च मंजूर झाला त्याचा क्रमांक, एवढं असेल तरच खर्च पूर्ण झाला असं समजा. तिन्ही दरपत्रकं एकाच हस्ताक्षरात असतील तर परत पाठवा. दर महिन्याच्या सभेत मुख्याध्यापकांना दोन आकडे वाचून दाखवायला सांगा, रोकडवहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक. फरक असेल तर तो कशामुळे आहे ते तिथेच लिहून घ्या. बहुतेक वेळा न वटलेलं देणं किंवा बँकेने कापलेले पैसे निघतात. एवढं एक केलं तरी हिशेबाचा निम्मा घोळ तयारच होत नाही.

गणवेशाचं थोडक्यात सांगतो. एका मुलामागे दोन जोडांचे मिळून वर्षाला ६०० रुपये असा दर आहे. २०२४-२५ मध्ये कापड राज्यस्तरावरून आलं होतं, नंतर ही जबाबदारी पुन्हा समित्यांकडे दिली गेली. कापडाचा नमुना सह्या करून शाळेत ठेवा, माप प्रत्येक पोराचं वेगळं घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी दोन आयांना शिलाई तपासू द्या. अंदाजे मापावर शिवलेले गणवेश पोरं दिवाळीनंतर घालत नाहीत.

खिचडीवर, म्हणजे शालेय पोषण आहारावर, मात्र वेळ द्या, कारण ते रोजचं काम आहे आणि पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे. पहिली ते पाचवीसाठी रोज एका मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असा निकष आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा असते. हजर पोरं ४० असतील तर त्या दिवशी ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी, २०० ग्रॅम तेल. हे आकडे मोठ्या अक्षरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि मापं ठरवून द्या: तांदळाचा कोणता डबा म्हणजे एक किलो, तेलाचं कोणतं माप म्हणजे १०० ग्रॅम. अंदाजाने टाकलं की कमी पडते ती बहुतेक भाजी आणि डाळ, कारण भात दिसतो आणि डाळ पातळ करता येते. ४७ पटाला दोन स्वयंपाकी मदतनीस असतात. २५ पर्यंत एक आणि २६ ते १०० ला दोन, असं प्रमाण आहे.

साठा मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. समजा महिन्याच्या सुरुवातीला ६२ किलो तांदूळ होता आणि १०० किलो आला, एकूण १६२. शाळा २२ दिवस भरली आणि सरासरी ४१ पोरं जेवली, तर लागला ९०.२ किलो. शिल्लक ७१.८ किलो असायला हवी. दोन सदस्यांनी महिन्यातून एकदा काट्यावर मोजायची. दोन-तीन किलोचा फरक बारदान, सांडलवंड आणि मापातला धरा. वीस किलोचा फरक असेल तर विचारायचं. माल येतो तेव्हाच पोती मोजा. गाडीवाल्याला पुढच्या गावी जायची घाई असते आणि ५० किलोच्या पोत्यात किती आहे हे गाडी गेल्यावर सिद्ध करता येत नाही. कमी भरलं तर पावतीवरच "प्रत्यक्ष वजन अमुक" लिहून सही करा. पावसाळ्यात पोती भिंतीपासून हातभर दूर, फळीवर ठेवा. जुनं आधी वापरा. सोंडे लागलेला तांदूळ वाळवून-निवडून भागतो, पण बुरशीचा वास येणारा शिजवू नका, पंचनामा करून बाजूला काढा आणि केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) कळवा.

नोंदवहीत घोळ कसा ओळखायचा? हजेरीपट आणि पोषण आहाराची नोंदवही शेजारी ठेवा. बाजाराच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोयाबीनच्या सोंगणीत हजेरी घसरते हे गावात कुणालाही माहीत आहे. त्या दिवसांतही लाभार्थी रोजच्याइतकेच दिसत असतील तर आकडा घरून ठरवून भरला गेला आहे. जेवण वाढण्याआधी एका शिक्षकाने चव घ्यायची असते. समितीतल्या आयांनीही आळीपाळीने, आठवड्यातून एकदा, न सांगता जावं, चव घ्यावी आणि चव नोंदवहीत लिहावं. "चांगले" एवढंच लिहू नये, "डाळ पातळ होती, भाजी नव्हती" असं लिहावं. आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईवर ओरडायला जाऊ नका. तिला भाजीचे पैसे वेळेवर मिळाले का, हा प्रश्न पहिला. तीन-तीन महिने पदरमोड करून खिचडी चालवणाऱ्या बायका गावोगावी आहेत. त्यांच्या थकबाकीचा ठराव समितीने केला तर त्याला वजन येतं.

वर्षाचा क्रम सांगतो. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर. त्याआधी मे महिन्यात एक फेरी मारा. कवेलूचं छप्पर असेल तर वानरांनी सरकवलेली कवेलू पहिल्या पावसाआधी बसवून घ्या, नाहीतर जुलैत दोन वर्ग एका खोलीत बसतात आणि मग वर्षभर तसेच बसतात. पाण्याची टाकी रिकामी करून घासा. पिण्याच्या पाण्यात १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम चांगलं ब्लीचिंग पावडर टाकून अर्धा तास थांबायचं. ओल लागलेलं, वास गेलेलं पावडर टाकून उपयोग नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: ब्लीचिंगने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड आहे. तपासणीत लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघालं तर तो हातपंप पिण्यासाठी बंद करून दुसरा स्रोत मागण्याचा ठराव ग्रामपंचायतीला पाठवा. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर तपासणीची वाट न बघता ते ठरावात लिहा.

३० सप्टेंबर ही तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. त्या दिवसाचा पट यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, जातो आणि त्यावर पुढच्या वर्षीच्या शिक्षकांची पदं ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात प्राथमिकला ६० पर्यंत दोन आणि ६१ ते ९० ला तीन शिक्षक आहेत. आधारची पडताळणी न झालेलं मूल मोजणीतून सुटू शकतं, म्हणून नावातली किंवा जन्मतारखेतली चूक असलेल्या पोरांची यादी ऑगस्टच्या सभेत मागा आणि त्यांच्या पालकांना आधार केंद्रावर पाठवा. प्रवेशाचं मात्र वेगळं आहे. वयाचा दाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून कुठल्याही पोराला प्रवेश नाकारता येत नाही.

दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी घरं हलतात. तुमच्याकडे असा तांडा असेल तर सप्टेंबरमध्येच यादी करा: कोण जाणार, पोरं कुणाकडे राहू शकतात. आजी-आजोबांकडे राहू शकणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीने वेळेत द्यायचा असतो. नोव्हेंबरमध्ये घरं गेल्यावर दिलेल्या प्रस्तावाचा पोरांना उपयोग होत नाही. जी पोरं सोबत जाणारच आहेत त्यांच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे तिथल्या शाळेत त्यांना बसता येतं. हजेरीतून त्यांचं नाव कापू देऊ नका.

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात दर वर्षाचा वेगळा भाग. तो डिसेंबरपर्यंत हातात हवा, कारण जिल्ह्याचं नियोजन त्यानंतर सुरू होतं. "संरक्षक भिंत, संगणक, रंगरंगोटी" अशी यादी पाठवली की ती फाइलमध्ये पडून राहते. "उत्तर बाजूस ३८ मीटर कुंपण नाही, लगत नाला आहे, पावसाळ्यात पाणी अंगणात येते" असं मोजून लिहा, फोटो जोडा. जागेचा कागद आधी शोधा, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, नाहीतर सातबारा. शाळेची जागा शाळेच्या नावावर नसल्याने बांधकामाचे प्रस्ताव परत येतात, आणि हे कारण वर्षानुवर्षं कुणी गावाला सांगत नाही. मोडकळीस आलेली खोली असेल तर नव्या खोलीच्या मागणीआधी जुनीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचा, ठराव करा. तो झाला नाही तर कागदावर खोल्या पुरेशा दिसतात. पाणी आणि संडासाची कामं ग्रामपंचायतीच्या आराखड्यात बसतात, म्हणून समितीचा ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा आणि तिथल्या इतिवृत्तात त्याची नोंद झाली का ते बघा.

शिकण्याकडेही बघा, ते समितीचं काम नाही असं कुणी म्हणालं तरी. दर सभेत दहा मिनिटं तिसरी-चौथीची चार पोरं आयांसमोर वाचतील असं ठेवा. निपुण भारत या मुलांच्या वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेच्या उद्दिष्टात तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं आहे. स्वतः न शिकलेल्या आईलाही पोरगं अडखळतंय की धडाधड वाचतंय हे कळतं. यात शिक्षकांना कोंडीत पकडू नका. मागे पडलेल्या पोरांसाठी काय हवं ते त्यांनाच विचारा. बऱ्याचदा उत्तर "पोरगं आठवड्यातून तीनच दिवस येतं" असं असतं, आणि त्या घरी जाऊन बोलणं हे काम शिक्षकापेक्षा समिती चांगलं करते.

आता तक्रारीचं. शिक्षकाची बदली किंवा कारवाई समिती करू शकत नाही. ते नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याचं काम आहे आणि त्यातही शिक्षकाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. समिती नोंद आणि शिफारस करू शकते, आणि नोंद पक्की असेल तर शिफारस सहजासहजी बाजूला टाकता येत नाही. कलम २४ प्रमाणे नियमित आणि वेळेवर येणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे. दोन-तीन आठवडे दोन सदस्यांनी वेगवेगळ्या दिवशी टिपून ठेवावं: तारीख, शाळा किती वाजता उघडली, कोण होतं, कोण नव्हतं. मग मुख्याध्यापकांसोबत हालचाल नोंदवही आणि शिक्षक हजेरी पुढे ठेवून बसा. काही दिवस शिक्षक प्रशिक्षणाला, शिक्षण परिषदेला किंवा मतदार यादीच्या कामाला गेलेले निघतील. ती गैरहजेरी नव्हे, आणि तिचा ठराव केला तर समिती तोंडघशी पडते. कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक लावायचे नाहीत असं आहे. अशा इतर कामांमुळे वर्ग रिकामे राहत असतील तर समितीचा ठराव शिक्षकांच्या बाजूने जायला हवा. काही दिवस एसटीचे असतील. त्यावर कधीकधी आगाराला पत्र देऊन गाडीची वेळ बदलून घेता येते. या दोन्हीनंतर उरलेले दिवस तेवढे खरे. ते सभेत, त्या शिक्षकासमोर, शांतपणे वाचा. तो काय म्हणाला तेही लिहा. शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहण्याचा वाद किंवा गावातलं राजकारण यात आणू नका, नाहीतर मूळ मुद्दा बुडतो.

पुढच्या दोन सभांत फरक पडला नाही तर ठरावाची नक्कल केंद्रप्रमुखांना, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. प्रत्येक वेळी आपल्या प्रतीवर पोच घ्या, म्हणजे आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. पोच नसलेलं पत्र दिलंच नाही असं धरलं जातं. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाला लेखी तक्रार देता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायचा असतो, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. इथवर जायची वेळ क्वचित येते. दोन महिने तारीखवार नोंद होते आहे हे कळल्यावर बहुतेक ठिकाणी शाळा वेळेवर उघडू लागते.

तुमच्या पुढच्या सभेला हे पाच विषय पुरे: मागचं इतिवृत्त वाचणं, वर्षभराच्या सभेचा दिवस ठरवणं, रोकडवही आणि बँकेची शिल्लक, धान्यसाठ्याची प्रत्यक्ष मोजणी, आणि आधार जुळत नसलेल्या पोरांची यादी. शिक्षकांच्या वेळेचा विषय पहिल्याच सभेत घेऊ नका. हातात नोंद नसताना तो घेतला तर भांडण होईल आणि सभा पुन्हा कागदावर जाईल.

मुख्याध्यापक पुढच्या वेळी वही घेऊन घरी आले तर सही नाकारून त्यांचा अपमान करू नका. चहा द्या आणि सांगा की सर, या महिन्यापासून सभा शाळेत अमुक दिवशी, नोटीस मी स्वतः फिरवतो, लिहायला आमच्यातला बारावी झालेला पालक मदत करेल. बहुतेकांना हे हवंच असतं, कारण एकट्याने सगळी जबाबदारी वाहायची भीती त्यांनाही असते. तरीही सभा लागली नाही, तर तुम्ही आणि तीन-चार सदस्यांनी सह्या करून सभा बोलावण्याचं लेखी पत्र शाळेत द्या, त्याची पोच घ्या, आठ दिवस थांबा, आणि मग त्याच पत्राची नक्कल केंद्रप्रमुखांच्या हातात द्या.